कॉलसाइन मिळाली, बोलणार कधी?

हॅम रेडिओची परीक्षा देणारी बरीच मंडळी दरवर्षी भेटतात. ओहमचा नियम घोटतात, ट्रान्झिस्टरच्या आकृत्या काढतात, कायद्याची कलमं पाठ करतात, पास होतात. पुढं यथावकाश परवाना येतो. त्यावर व्हीयू या दोन अक्षरांनी सुरू होणारी एक कॉलसाइन असते आणि साऱ्या जगात तशी दुसऱ्या कोणाचीही नसते. घरात पेढे येतात. मग हँडसेट येतो, तो चार्ज होतो, त्याची बटणं दाबून पाहिली जातात. आणि त्यानंतर सहा महिने काहीही घडत नाही. सेट कपाटात, परवाना फायलीत आणि नवा हॅम गप्प!

हे आळसामुळं होतं असं मला वाटत नाही. आमच्यात याला सरळ ‘माइकची भीती’ म्हणतात. आपण बटण दाबून बोललो तर पलीकडं किती जण ऐकत असतील, काही चुकलं तर हसतील का, ही ती भीती. पण हौशी रेडिओ ही परीक्षेनं येणारी विद्या नव्हे, ती हवेवर बोलून येते. म्हणून परवाना मिळाल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत काय करावं, तेवढंच आज सांगणार आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. हॅम म्हणजे सरकारचा परवाना घेऊन, स्वतःच्या संचावरून, निव्वळ हौसेपोटी बिनतारी संदेशवहन करणारा माणूस. यात पैसे कमवायचे नसतात. आपल्याकडं हा परवाना केंद्रीय दूरसंचार खात्याची डब्ल्यूपीसी ही शाखा देते. जनरल श्रेणीवाल्यांच्या कॉलसाइन व्हीयू-टूनं आणि रिस्ट्रिक्टेड श्रेणीवाल्यांच्या व्हीयू-थ्रीनं सुरू होतात. शाळकरी मुलं, डॉक्टर, रिक्षावाले, निवृत्त मास्तर असे सगळे यात असतात. माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही परवानाधारक हॅम होते, त्यांची कॉलसाइन व्हीयू-टू-आरजी. हवेवर आम्ही एकमेकांना ‘ओएम’ म्हणतो, म्हणजे ‘ओल्ड मॅन’. पंधरा वर्षांचा मुलगाही ओएम आणि पंच्याहत्तरीचे आजोबाही ओएम. बाई मात्र आजी झाली तरी ‘वायएल’, म्हणजे ‘यंग लेडी’च राहते!

तर, सुरुवात कुठून करायची? कानापासून. नव्या माणसानं पहिले पंधरा दिवस नुसतं ऐकावं. संच नसेल तरी अडत नाही, कारण इंटरनेटवरून दूरचे रेडिओ-ग्राहक ऐकता येतात. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा असा एक ग्राहक प्रसिद्ध आहे. पण आपल्या भागातलं ऐकायचं तर आपलाच संच हवा. सकाळी चाळीस मीटरच्या पट्ट्यात, म्हणजे ७ ते ७.२ मेगाहर्ट्झच्या दरम्यान, सावकाश सुई फिरवली की हिंदी, इंग्रजी, तमिळ, मराठी असे आवाज कानावर पडतात. सुरुवातीला सगळं बदकाच्या भाषेसारखं वाटतं. त्याचं कारण एसएसबी. या पद्धतीत आवाजाची वाहक लहर आणि एक बाजू गाळून उरलेली एकच बाजू पाठवतात. त्यामुळं ग्राहक अगदी नेमका लावावा लागतो. बोटाला सवय झाली की बदकाचा माणूस होतो. तीनचार दिवसांत ते जमतं.

ऐकताना वहीत लिहावं. कोण बोललं, कधी बोललं, संभाषण कसं सुरू झालं, कसं संपलं. क्यूनं सुरू होणारे संकेत असेच कानावरून अंगवळणी पडतात. क्यूटीएच म्हणजे ठिकाण. क्यूएसबी म्हणजे आवाज वरखाली होणं. क्यूआरएम म्हणजे इतर स्टेशनांचा किंवा यंत्रांचा अडथळा, क्यूआरएन म्हणजे विजा-वादळाचा निसर्गातला खरखराट. क्यूएसवाय म्हणजे दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जाणं. आणि निरोप घेताना ‘सेव्हंटी थ्री’, म्हणजे नमस्कार, शुभेच्छा. हे तारायंत्राच्या जमान्यातून आलेले शब्द आहेत. तक्ता पाठ करण्यात अर्थ नाही, पंधरा दिवस ऐकलं की ते आपोआप तोंडात बसतात.

आता संचाचा विषय. बहुतेक जण आधी दोन मीटरचा, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा हँडसेट घेतात. तो स्वस्त असतो, खिशात मावतो. त्यात वाईट काही नाही, पण त्याच्या मर्यादा ओळखा. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. मध्ये टेकडी आली, सोसायटीची सातमजली इमारत आली, की खेळ संपला. आपल्याकडं सह्याद्री हा या लहरींचा मोठा शत्रू, पण माथ्यावर रिपीटर बसवला तर तोच मोठा मित्र. रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि तेच त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा पाठवतो. आपल्याकडं या पट्ट्यात दोहोंमध्ये सहसा ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं. हँडसेटमध्ये ते अंतर आणि रिपीटरला लागणारा टोन भरावा लागतो. तो भरला नाही तर माणूस बोलतच राहतो, रिपीटर ढिम्म! आणखी एक. बटण दाबल्याबरोबर बोलू नका, एक सेकंद थांबा. नाहीतर तुमच्या कॉलसाइनचं पहिलं अक्षर हवेतच राहतं.

हँडसेटबरोबर येणारा रबरी अँटेना हा सोयीचा असतो, चांगला नव्हे. ४९ सेंटिमीटरची एक उभी तांब्याची सळई आणि तिच्या बुडाशी तेवढ्याच लांबीच्या चार आडव्या-तिरप्या सळया असा अँटेना घरी दुपारभरात होतो. तो गच्चीवर नेला की तोच पाच वॅटचा हँडसेट निराळाच वाटायला लागतो.

पण माझं मत विचाराल तर खरी शाळा चाळीस मीटरची. परवान्यात जेवढी मुभा असेल तेवढ्यात राहून प्रत्येक नव्या हॅमनं तिथं यावं. संच जुना चालेल, कुणाकडून घेतलेला चालेल, स्वतः बांधलेला तर फारच उत्तम. हैदराबादचे अशहर फरहान यांनी ‘बिटएक्स’ नावाचा संच रचला, तो अगदी साध्या, बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून. त्याची रचना त्यांनी सर्वांना खुली केली आणि जगभरच्या हौशी लोकांनी तो आपापल्या टेबलावर बांधला. पाचसहा वॅटचा संच. एवढ्यावर बोलता येतं? येतं. फक्त अँटेना नीट हवा.

अँटेना म्हणजे तरी काय? तार. १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीनं भागा, अर्ध्या तरंगलांबीच्या अँटेनाची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती येते साधारण २० मीटर. म्हणजे मधोमध तोडलेली, दोन्हीकडं दहा-दहा मीटरची तार. विजेच्या दुकानातली साधी तांब्याची वायर चालते. टोकांना पीव्हीसी पाइपचे तुकडे बांधायचे, नायलॉनच्या दोरीनं ताणायची, मध्यातून को-अॅक्सियल केबल खाली आणायची. गच्चीवर मधोमध एकच बांबू उभा करून दोन्ही टोकं उतरती बांधली, म्हणजे उलटा ‘व्ही’ केला, तरी छान चालतं. सुरुवातीला दोन्हीकडं वीतभर तार जास्त ठेवा. मग एसडब्ल्यूआर मीटर बघत दोन्हीकडून थोडी थोडी कापत जा. मीटर दीडच्या खाली आला की कात्री ठेवून द्या. कापलेली तार पुन्हा वाढत नाही, हे शिंप्याचं शहाणपण इथंही लागू आहे.

दोन गोष्टी मात्र जिवाच्या आहेत. महावितरणच्या तारांच्या आसपास अँटेना नेऊ नका, तुटून पडली तरी तिथं पोचणार नाही इतकी लांब बांधा. आणि वळवाच्या पावसाचे ढग दिसले की केबल संचापासून काढा आणि घराबाहेर ठेवा. वीज चमकायला लागल्यावर नव्हे, त्याच्या आधी.

सोसायटीत राहणाऱ्यांना तिसरी गोष्टही सांभाळावी लागते, ती म्हणजे शेजारी. परवाना दाखवा, सेक्रेटरींना समजावून सांगा, बारीक तार वापरा. गंमत अशी की शेजाऱ्याला आपला त्रास होण्यापेक्षा आपल्यालाच शेजाऱ्याचा जास्त होतो. हलक्या एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, इन्व्हर्टर, चार्जर असा खरखराट ओकतात की लांबचा बारीक आवाज त्यात बुडून जातो. एकदा घरातला मेन स्विच बंद करून संच बॅटरीवर लावून बघा. खरखर कमी झाली तर चोर आपल्याच घरात आहे.

आता ही वीस मीटरची तार काय काय करते ते बघा. आपल्या डोक्यावर शेकडो किलोमीटर उंचीवर आयनांबर आहे. सूर्यकिरणांनी तिथल्या हवेचे कण विद्युतभारित होतात आणि रेडिओलहरी तिथून वाकून परत जमिनीवर येतात. दिवसा खालचा एक थर चाळीस मीटरच्या लहरी बऱ्याच शोषून घेतो, त्यामुळं बोलणं काही शे किलोमीटरच्या टापूत राहतं. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि त्याच तारेवर हजारो किलोमीटर दूरची स्टेशनं येऊ लागतात. पण तेव्हा शेजारच्या जिल्ह्यातला मित्र कधीकधी गायब होतो! लहर त्याच्या डोक्यावरून निघून गेलेली असते. सूर्यावरच्या डागांचं सुमारे अकरा वर्षांचं चक्र आहे, त्यावरही हे सगळं हलतं. अलीकडचा जोर २०२४ च्या सुमारास होता.

इथं एक उपयोगाची गोष्ट लक्षात घ्या. तार फार उंच नसेल, सातआठ मीटरवरच असेल, तर तिची बरीचशी शक्ती सरळ वर जाते आणि छत्रीच्या पाण्यासारखी चहूबाजूंना खाली येते. दूर अमेरिका गाठायला हा अँटेना कमी पडेल. पण दिवसा कोकणातून देशावर, सह्याद्री ओलांडून बोलायला याच्यासारखा दुसरा नाही. डोंगर मध्ये येतच नाही, कारण लहर वरून येते. मधे कुठला टॉवर लागत नाही, रिपीटर लागत नाही. एक तार इकडं, एक तार तिकडं.

याची किंमत कळते ती आपत्तीच्या दिवशी. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेलं, वीज गेली आणि पाठोपाठ मोबाइलही मुके झाले. टॉवरला वीज लागते, त्याची बॅटरी काही तासांचीच असते. १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला आणि २००१ च्या जानेवारीत भूजचा. दोन्ही वेळी हॅम मंडळी संच घेऊन तिथं गेली होती.

त्यातही अंदमानची हकिकत नव्या हॅमनं मुद्दाम ऐकावी अशी आहे. अंदमान-निकोबारची कॉलसाइन व्हीयू-फोरनं सुरू होते. जगभरच्या हॅमना ती दुर्मिळ, कारण तिथून बोलायची परवानगी क्वचितच मिळे. २००४ च्या डिसेंबरात हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅमॅच्युअर रेडिओचा एक चमू भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पोर्ट ब्लेअरला गेला. हेतू निव्वळ हौसेचा. हॉटेलात संच मांडला, अँटेना बांधले आणि जगभरातल्या हजारो स्टेशनांशी बोलणं झालं. २६ डिसेंबरच्या सकाळी जमीन हादरली, पाठोपाठ त्सुनामी आली. बेटांचा मुख्य भूमीशी असलेला टेलिफोन संपर्क तुटला. तेव्हा याच संचावरून पहिल्या खबरा बाहेर गेल्या आणि पुढचे कित्येक दिवस माणसांच्या खुशालीचे निरोप जात-येत राहिले.

त्या दिवशी तिथं मदत उपयोगी पडली ती संच होता म्हणून, हे खरंच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे अँटेना आधीच वर होता. कोणत्या वेळी कोणती फ्रिक्वेन्सी कुठं पोचते हे त्या लोकांना आधीच्या बोलण्यातून ठाऊक होतं आणि मुख्य भूमीवरचे कान त्यांच्या आवाजाला सरावलेले होते. पूर आल्यावर कपाटातून संच काढून, पुस्तकात बघून टोन भरणाऱ्या माणसाकडून यातलं काही होणार नाही. कपाटातल्या परवान्याबद्दल मी सुरुवातीला तक्रार केली ती एवढ्यासाठी. म्हणून संचाबरोबर बारा व्होल्टची एक बॅटरीही ठेवा आणि महिन्यातून एका रविवारी भिंतीतल्या विजेला हात न लावता सगळं स्टेशन तिच्यावर चालवून बघा. पाच वॅटचा संच स्कूटरच्या बॅटरीएवढ्या बॅटरीवर काही तास आरामात चालतो.

नियमांचं थोडक्यात सांगतो. धंद्याचं बोलायचं नाही, राजकीय प्रचार नाही, गाणी लावायची नाहीत, गुप्त भाषेत बोलायचं नाही. बोलणं सुरू करताना आणि संपवताना कॉलसाइन द्यायचीच. आपल्या पट्ट्याबाहेर प्रक्षेपण करायचं नाही. स्वस्तातले हँडसेट पोलिसांच्या, विमानांच्या जवळपासच्या फ्रिक्वेन्सीवरही बोलू शकतात, म्हणून ही खबरदारी जास्तच घ्यावी. कुणाला कळतंय, असं मनात आणू नका. प्रक्षेपक शोधणं ही जुनी विद्या आहे. १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ चालवला. त्याच्या उभारणीत नरिमन प्रिंटर या रेडिओच्या जाणकाराचा हात होता. जागा बदलत बदलत ते केंद्र ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत चाललं आणि शेवटी पोलीस तिथं पोचलेच. ते देशासाठी होतं, आपल्याला तर लपण्याचं काही कारणच नाही. आज हॅम लोक हीच विद्या खेळ म्हणून खेळतात. कुठंतरी लपवलेला छोटा प्रक्षेपक हातातल्या अँटेनानं शोधून काढायचा. पोरांना घेऊन जावं असा खेळ आहे.

अलीकडं एफटी-८ नावाचा एक प्रकार आला आहे. भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते जो टेलर आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये तो आणला. संगणक पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीनं छोटे संदेश पाठवतो आणि कानाला ऐकू न येणारे संकेतही वाचतो. आपला अँटेना कुठवर पोचतो हे बघायला तो अप्रतिम आहे. माइकला घाबरणारी मंडळी मात्र त्याच्या आड लपतात, बटणावर टिचकी मारून शंभर देश मिळवतात आणि तोंडातून एक शब्द निघत नाही. ती वाट धरू नका. अवकाशाची हौस असेल तर १४५.८ मेगाहर्ट्झवर कान ठेवा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जाताना तिथला हॅम संच साध्या हँडसेटवरही ऐकू येतो. २०२५ च्या जुलैमध्ये शुभांशु शुक्ला तिथून भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलले ते हॅम रेडिओवरूनच.

आता पहिलं बोलणं. एकट्यानं ‘सीक्यू, सीक्यू’ अशी हाक घालण्यापेक्षा नव्या माणसानं ‘नेट’मध्ये जावं. नेट म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर भरणारी बैठक. तिला एक नियंत्रक असतो, तो एकेकाला बोलावतो. दोनतीन दिवस नुसतं ऐका. आपलं वाक्य कागदावर लिहून समोर ठेवा: कॉलसाइन, नाव, गाव. कॉलसाइन फोडून म्हणायची, व्हिक्टर, युनिफॉर्म, थ्री आणि पुढची अक्षरं, कारण खरखरीत बी आणि डी सारखेच ऐकू येतात. नियंत्रक विचारेल, आवाज कसा येतोय? तेव्हा खरं सांगा. ‘फाइव्ह नाइन’ म्हणजे स्वच्छ आणि जोरदार. सगळ्यांनाच फाइव्ह नाइन देण्याची आपल्याकडं खोड आहे. त्यानं समोरच्याचा अँटेना काही सुधारत नाही.

बोलून झालं की लगेच वहीत नोंद करा. ही नोंदवही, म्हणजे लॉग, नियमानं ठेवावीच लागते. जगभर सर्वांना एकच घड्याळ असावं म्हणून वेळ जागतिक वेळेत लिहायची, भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून. पहाटे पाचला बोललात तर नोंद आदल्या दिवसाच्या रात्री साडेअकराची होते. पहिल्या संपर्काचं क्यूएसएल कार्डही मागून घ्या. संपर्क झाल्याची ती पोस्टकार्डासारखी पावती असते.

आणि नेट संपता संपता नियंत्रक एकदा विचारतो, ‘कोणी नवीन स्टेशन आहे का?’ असं विचारून तो पाचसात सेकंद थांबतो. तेवढ्यात बटण दाबा, एक सेकंद जाऊ द्या आणि नुसती आपली कॉलसाइन सांगा. बाकी काय विचारायचं ते तो विचारेल.